औषधाला पत्ता हवा
कॅन्सरच्या दवेसाठी डीएनएच्या पेट्या : संशोधन कुठवर आले, आणि तोवर आपण काय करावे

कॅन्सर हा शब्द आपल्या घरांत अजूनही मोकळेपणाने उच्चारला जात नाही. ‘त्यांना ते झालंय’, ‘मोठी बीमारी निघाली’ असे म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. आणि रोगाइतकीच भीती असते ती केमोची. केस जातात, तोंड येते, अन्नाचा वास नको वाटतो, रक्त कमी होते. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत आपल्या ओळखीत असे एखादे घर असतेच, जिथे पेशंट दोन-तीन केमो घेऊन मध्येच घरी बसला. ‘दवा सोसत नाही’ हे कारण सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. पण अर्ध्यावर सोडलेला इलाज रोगाला मोकळे रान देतो.

केमोची दवा एवढी जड का जाते? ती फक्त गाठीपुरती का देता येत नाही? हे प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडतात तसेच शास्त्रज्ञांनाही पडले आहेत. त्यांच्या उत्तरांपैकी एक तर कहाणीत शोभावे असे आहे. आपल्या पेशीत असते त्याच डीएनएच्या धाग्यापासून डोळ्यांना न दिसणारी पेटी बनवायची, तिच्यात औषध ठेवायचे, वर कुलूप लावायचे आणि ते कुलूप गाठीजवळच उघडेल अशी व्यवस्था करायची. या लेखात आम्ही तेच समजून घेणार आहोत, आणि ते आज कुठवर आले आहे हेही न वाढवता सांगणार आहोत.

पार्सल आणि पिनकोड

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. ती कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ४१५००१ लिहिले की पार्सल साताऱ्याला येते, ४१६४१६ लिहिले की सांगलीला. नावे सारखी असोत, अक्षर वाईट असो, सहा आकडे बरोबर असले की टपाल भरकटत नाही.

केमोच्या औषधाला असा पिनकोड नसतो. शिरेतून दिले की ते रक्ताबरोबर सगळ्या शरीरभर फिरते. बहुतेक जुन्या औषधांना एवढेच कळते, की जी पेशी भराभर वाढते तिला मारायचे. कॅन्सरची पेशी भराभर वाढते हे खरे, पण केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढत असतात. म्हणून गाठीबरोबर त्यांनाही मार बसतो. केस जाणे, तोंड येणे, उलट्या, रक्त कमी होणे या चार तक्रारींचे मूळ हेच आहे. दवा चुकीची नसते, ती चुकीच्या दारांतही शिरते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये वर्षानुवर्षे वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन घ्या. रुग्ण त्याला ‘लाल इंजेक्शन’ म्हणतात, कारण ते खरोखरच लाल असते. १९६० च्या दशकात इटलीतील संशोधकांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळवले. औषध जोरदार आहे, पण हृदयाच्या स्नायूला इजा करते. म्हणूनच ते सुरू करण्याआधी डॉक्टर हृदयाची टू-डी एको तपासणी सांगतात आणि आयुष्यभरात किती डोस द्यायचा याची मर्यादा पाळतात. म्हणजे गाठीला आणखी औषधाची गरज असली तरी हृदयासाठी हात आखडता घ्यावा लागतो.

पहिली पेटी चरबीची

औषध पेटीत घालून पाठवण्याची कल्पना नवी नाही. तिचे एक नाव आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी कधीच विसरू नये असे आहे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस आला, तेव्हा नातेवाईक ‘लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन’च्या चिठ्ठ्या घेऊन मेडिकलमागून मेडिकल पालथे घालत होते. त्यातला ‘लायपोसोमल’ हा शब्द तेव्हा सर्वांच्या तोंडी होता, अर्थ फार थोड्यांना माहीत होता.

लायपोसोम म्हणजे चरबीचा अतिसूक्ष्म बुडबुडा. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला फार त्रास देते. तेच या बुडबुड्यात भरून दिले की त्रास कमी होतो. डॉक्सोरुबिसिनही याच रीतीने बुडबुड्यात भरले गेले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. नॅनो औषधांतले ते पहिल्यांपैकी एक. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात. त्यातून असे बुडबुडे गाठीत झिरपतात, पण हृदयाच्या धडधाकट रक्तवाहिन्यांतून तितके बाहेर पडत नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाची टंचाई झाली, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे ‘लिपोडॉक्स’ तिथे तात्पुरते आयात करण्याची परवानगी द्यावी लागली. सांगायचे एवढेच, की हे शास्त्र आपल्यासाठी परके नाही.

पण बुडबुड्याला मर्यादा आहेत. त्याला दार नाही, कुलूप नाही, ठरावीक आकार देता येत नाही. तो गळक्या वाहिन्यांच्या भरवशावर जातो. हव्या त्या मापाची, हव्या त्या जागी उघडणारी पेटी पाहिजे असेल तर सामान वेगळे हवे. ते सामान म्हणजे डीएनए.

शिडीची पेटी कशी होते?

नववीच्या विज्ञानात डीएनएची पीळदार शिडी असते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ती मांडली. शिडीच्या पायऱ्या चार घटकांच्या : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. त्यांचा नियम ठाम आहे. अ‍ॅडेनिन थायमिनलाच धरते, ग्वानिन सायटोसिनलाच. ब्लाउजच्या हुकांना त्यांचीच काजे लागावीत तसे. शरीरात हा नियम पिढ्यान्‌पिढ्या माहिती जपण्याच्या कामी येतो. मुलांना आम्ही तेवढेच शिकवतो.

अमेरिकेतील नेड सीमन या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये वेगळा विचार मांडला : माहिती बाजूला ठेवा, हा धागा बांधकामाला वापरता येईल का? कोणता तुकडा कोणाला चिकटणार हे आधीच ठाऊक असेल, तर तुकडे नीट लिहून द्रावणात सोडायचे. ते आपले आपण जुळतील. १९९१ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेने डीएनएचा घन, म्हणजे सहा बाजूंचा ठोकळा, बनवून दाखवला.

मोठी उडी २००६ मध्ये पॉल रोथमुंड यांनी घेतली. त्यांनी जीवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूचा सात हजारांहून अधिक अक्षरांचा एक लांब धागा घेतला आणि दोनशेहून अधिक छोटे तुकडे वापरून तो घडी घातला. आपल्याकडच्या भगिनींना हे लगेच समजेल. लांब धागा म्हणजे कापड, छोटे तुकडे म्हणजे टाके. टाका कुठे घालायचा हे ठरले की त्याच कापडाची पिशवी होते किंवा टोपी होते. फरक एवढाच, की इथे शिंपी नाही. सगळे एकत्र गरम करून हळूहळू थंड केले की टाके आपोआप आपापल्या जागी बसतात. रोथमुंड यांनी तारे आणि हसरे चेहरे बनवले. एकेक चेहरा सुमारे १०० नॅनोमीटरचा. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे आठशे-हजार चेहरे ओळीने मावतील. कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेवरून या पद्धतीला ‘डीएनए ओरिगामी’ म्हणतात.

२००९ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी झाकण असलेली डीएनएची पेटी केली. तिला कुलूपही डीएनएचेच, आणि किल्लीही डीएनएची.

आता लाल इंजेक्शनाकडे परत येऊ. डॉक्सोरुबिसिन कॅन्सरच्या पेशीला मारते ते डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये घुसून. त्याचा हा स्वभावच इथे उपयोगी पडतो. डीएनएची पेटी औषधात बुडवली की औषध तिच्या भिंतींत, पायऱ्यांच्या फटींत जाऊन बसते. वेगळे चिकटवावे लागत नाही. २०१२ पासून अनेक प्रयोगशाळांनी अशा भरलेल्या पेट्या कॅन्सरच्या पेशींवर वापरून पाहिल्या आहेत.

बेंगळुरूची वीस बाजूंची पेटी

हे सगळे परदेशात चालले होते असे समजू नये. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये वीस त्रिकोणी बाजूंची बंद डीएनए पेटी बनवली. तिचे दोन अर्धे भाग वेगळे तयार करून ते जुळवताना आत सूक्ष्म माल कोंडता येत होता. या कामात पुढे असलेले धीरज भाटिया आज गांधीनगरच्या आयआयटीत डीएनए नॅनो रचनांवरच काम करतात. त्याच वर्षी कृष्णन यांच्या गटाने डीएनएचा एक असा खटका तयार केला, जो आजूबाजूला आम्ल वाढले की आपला आकार बदलतो. जिवंत पेशीच्या आत कुठे किती आम्ल आहे हे त्यावरून मोजता आले. २०१३ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये इन्फोसिस पुरस्कार. सध्या त्या शिकागो विद्यापीठात आहेत. विज्ञान शाखेला मुलीला पाठवावे की नाही असा खल ज्या घरात चालला असेल, त्या घराने हे नाव लक्षात ठेवावे.

आम्लाने आकार बदलणे म्हणजे काय, हे सांगलीच्या माणसाला समजावायला प्रयोगशाळा नको. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो आणि धुऊन साबण गेला की पुन्हा पिवळा. हळद तीच, आजूबाजूचे द्रावण बदलले म्हणून रंग बदलला. हळदीला अल्क कळते, या डीएनएच्या खटक्याला आम्ल कळते. आणि कॅन्सरच्या गाठीला आम्लाचीच खूण असते, कारण तिच्या पेशी साखर भराभर जाळून आम्ल बाहेर टाकतात. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, गाठीच्या आसपास तो ६.५ पर्यंत उतरू शकतो. पिनकोड सापडला तो असा.

कुलूप उघडते तेव्हा

२०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी पिंपाच्या आकाराची पेटी केली. तिला दोन कुलपे होती. पेशीच्या अंगावर ठरावीक खुणा सापडल्या तरच ती उघडायची. हा प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर होता.

२०१८ मध्ये चीन आणि अमेरिकेतील गटाने डीएनएची चटई गुंडाळून नळी केली आणि आत रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन ठेवले. गाठीच्या रक्तवाहिन्यांवरची खूण भेटली की नळी उलगडते, तिथले रक्त गोठते आणि गाठीचा रसद-पाण्याचा रस्ता बंद होतो. उंदरांमध्ये गाठी आटल्या आणि ते अधिक काळ जगले.

२०२४ च्या जुलैत स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेचे काम प्रसिद्ध झाले. त्यांनी पेशीला मरण्याचा हुकूम देणारे सहा रेणू डीएनएच्या पेटीत दडवून ठेवले. सामू ६.५ ला आला की पेटी उघडते आणि रेणू बाहेर येतात; निरोगी भागात ती बंदच राहते. स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांमध्ये गाठीची वाढ ७० टक्क्यांपर्यंत कमी झाली.

उंदीर आणि माणूस यांच्यामधला रस्ता

इथे थांबून वाचकांनी एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. वर सांगितलेली यशे उंदरांतली आणि बशीतली आहेत. डीएनएच्या पेटीतून कॅन्सरची दवा देणारा मंजूर इलाज आज मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही.

अडचणी काय आहेत? आपल्या रक्तात डीएनए कापणारी विकरे फिरत असतात. पेटी गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच ती कुरतडली जाऊ शकते. पेटी टिकायला लागतो तेवढा मॅग्नेशियम क्षार रक्तात नसतो, म्हणून टाके सुटतात. यकृत आणि मूत्रपिंड तिला परकी समजून बाजूला काढतात. पेटीला लेप देऊन टिकवण्याचे उपाय निघाले आहेत. खर्चाचा प्रश्नही मोठा होता. म्युनिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जीवाणूंच्या टाकीत हे धागे वाढवून ते स्वस्तात व भरपूर मिळवण्याची रीत दाखवली. रस्ता बंद नाही, पण लांब आहे.

माणसात एक पाऊल पडले आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सोन्याच्या सूक्ष्म कणाभोवती आरएनएचे, म्हणजे डीएनएच्या भावंडाचे, धागे उभे करून बनवलेले गोळे मेंदूच्या घातक कॅन्सरच्या ८ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी शिरेतून देण्यात आले. मेंदूभोवतीची नैसर्गिक भिंत बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा कण तिथे पोहोचलेले आढळले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. या अभ्यासात पुढे असलेल्या डॉक्टरांचे नाव प्रिया कुमठेकर. हा रोग बरा झाल्याचा पुरावा नव्हता. पार्सल पत्त्यावर पोहोचते याचा होता.

किती वर्षे लागतात याचा अंदाज आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या उदाहरणावरून येतो. रुग्णाच्याच रक्तातील पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवणारी ‘कार-टी’ उपचारपद्धती मुंबई आयआयटीत राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून उभी केली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. कल्पनेपासून रुग्णापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली.

हे डीएनए आपल्यात मिसळेल का?

असे औषध आले तर आपल्या घरांत दोन प्रश्न नक्की निघतील. त्यांची तयारी आताच असलेली बरी.

पहिला : परके डीएनए अंगात घेतले तर आपल्या नस्लेवर, मुलाबाळांवर परिणाम होईल का? पेटीतले डीएनए बांधकामाच्या सामानासारखे वापरलेले असते. काम झाल्यावर शरीराची विकरे ते तोडून टाकतात. कांदा, भाकरी, मटण, पालेभाजी या प्रत्येक घासात डीएनए असते आणि रोज आपण ते पचवतो. तरीही शिरेतून दिलेल्या पेटीची सुरक्षितता माणसांवरच्या चाचण्यांत तपासावीच लागेल, आणि ती तपासल्याशिवाय मंजुरी मिळत नाही.

दुसरा : ते येते कशापासून? कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल आपण विचारतो तसे इथेही विचारले जाईल. लांब धागा जीवाणूंच्या विषाणूपासून मिळतो आणि छोटे तुकडे यंत्रावर रसायनांतून जोडले जातात. कोणत्याही जनावराचा भाग पेटीसाठी लागत नाही. वस्तुस्थिती एवढी; मसला सांगण्याचे काम उलमांचे.

हळद, ‘नॅनो’ आणि बाजार

हळदीचा उल्लेख वर आला तेव्हा काही वाचकांच्या मनात आले असेल, की हळदच कॅन्सरवर औषध आहे म्हणतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा आपल्याला अभिमान आहे. तिच्यातल्या कुरक्युमिनचा बशीतल्या कॅन्सर पेशींवर परिणाम दिसतो हेही खरे. पण खाल्लेले कुरक्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते आणि जे जाते ते यकृत लगेच बदलून टाकते. इथेही प्रश्न पोहोचण्याचाच आहे. म्हणून हळदीचे दूध प्यावे, पण त्यासाठी केमो सोडू नये. कुरक्युमिनच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही औषधांच्या कामात त्या लुडबुड करू शकतात.

‘नॅनो’ शब्दाचेही तसेच. डबीवर नॅनो लिहिले की चौपट किंमत लावता येते. कोणी ‘नॅनो दवा, केमोची गरज नाही’ म्हणून पुडी दिली, तर दोनच प्रश्न विचारावेत : ही कोणत्या रुग्णांवर तपासली? आणि मंजुरी कोणी दिली? उत्तर टाळले गेले की पैसे खिशातच ठेवावेत. अशा पुड्यांत जाणारा पैसा परत मिळवता येतो, गेलेले सहा महिने मिळत नाहीत.

तोवर काय?

कॅन्सरमध्ये सर्वांत मोठा फरक अजूनही वेळेने पडतो. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या आया-आज्या अजून आहेत. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड कमी उघडणे, स्तनातली न दुखणारी गाठ, पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव यांपैकी काहीही असेल तर शरम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. आई सांगत नसेल तर सुनेने, मुलीने विचारावे. ‘गाठ दुखत नाही, म्हणजे काही नाही’ ही समजूत फार घरांना महाग पडते.

एके काळी कॅन्सर म्हटले की रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि परळचे टाटा, एवढाच रस्ता होता. आज कराडला कृष्णा रुग्णालय आहे, मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कॅन्सरचे अनेक उपचार त्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि आपला उपचार त्यात बसतो का हे पहिल्याच दिवशी विचारावे.

केमो सोसत नसेल तर ती सोडण्याआधी तेच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उलटी थांबवणारी औषधे आता बरीच सुधारली आहेत, डोस कमी-जास्त करता येतो, काहींना लायपोसोमल औषध किंवा गाठीची खूण ओळखणारी दुसरी औषधे देता येतात. तारीख रमजानात आली म्हणूनही केमो पुढे ढकलू नये. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते.

आणि शेवटचे, पालकांसाठी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स आणि बायोटेक्नॉलॉजी शिकवणारा स्वतंत्र विभाग आहे. सांगलीहून तो तासा-दीड तासावर. डीएनएच्या पेटीला अजून बरेच टाके घालायचे राहिले आहेत. विकरांपासून ती कशी वाचवायची, तिची किंमत रेशनकार्डवाल्याला परवडेल अशी कशी करायची, ही कामे आज नववी-दहावीत असलेल्या मुलामुलींच्या वाट्याला येतील. त्यांना शिकू द्या. आणि घरात जो पेशंट आहे, त्याची पुढच्या केमोची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.